याहूची डिरेक्टरी हरली हे खरं, पण शब्द शोधणारी इंजिनं तरी कुठे जिंकली?

उंबरठा

सुरुवातीच्या इंटरनेटची गोष्ट बहुतेक ठिकाणी अशी सांगतात: आधी माणसं हाताने संकेतस्थळांच्या विषयवार याद्या, म्हणजे डिरेक्टऱ्या, करायची, मग यंत्रं आली, यंत्रांच्या वेगापुढे माणसांचं काही चालेना, याद्या बंद पडल्या. मला हे अर्धंच खरं वाटतं. १९९४ ते २००० या काळातल्या घटना क्रमाने पाहिल्या की दिसतं, हाताने लावलेली वर्गवारी आणि नुसत्या शब्दांवर चालणारा शोध, दोघांचाही दम एकाच सुमारास संपत आला होता. जिंकलं ते तिसरंच, आणि त्यात माणसाची निवड मागल्या दाराने पुन्हा आत आली होती.

याहूपासून सुरू करतो. जानेवारी १९९४ मध्ये स्टॅनफर्डला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पीएचडी करणाऱ्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी वेबवरच्या पानांची यादी ठेवायला घेतली. तिचं नाव 'जेरी अँड डेव्हिड्स गाइड टू द वर्ल्ड वाइड वेब'. यादी यांगच्या अकेबोनो या मशीनवर आणि शोधाचा प्रोग्रॅम फिलोच्या कोनिशिकी या मशीनवर. दोन्ही नावं सुमो पैलवानांची. यादी लांबत गेली तसे तिचे विभाग पडले, विभागांचे पोटविभाग पडले. मार्च १९९५ मध्ये त्याची कंपनी झाली आणि एप्रिल १९९६ मध्ये ती शेअर बाजारात उतरली.

या गोष्टीत एक नाव नेहमी राहून जातं, ते श्रीनिजा श्रीनिवासन यांचं. १९९५ मध्ये त्या याहूत पाचव्या कर्मचारी म्हणून आल्या. त्याआधी त्या 'सायक' प्रकल्पात होत्या. रोजचं व्यवहारज्ञान संगणकाला समजेल अशा रीतीने लिहून काढायचं, असा तो प्रकल्प. म्हणजे जगाची मांडणी कशी करायची हा प्रश्न त्यांनी आधीच हाताळलेला होता. याहूची १४ मुख्य विभागांची रचना त्यांच्या देखरेखीखाली वाढली. तिथे काम करणाऱ्यांना 'सर्फर' म्हणत. आलेलं प्रत्येक संकेतस्थळ उघडायचं, बघायचं, त्याची जागा ठरवायची आणि एका ओळीत, अजिबात जाहिरातबाजी न करता, त्याचं वर्णन लिहायचं, हे त्यांचं काम. हे काम मला फार मोलाचं वाटतं. कुणीतरी पान खरोखर वाचलंय, ही खात्री त्या एका ओळीत होती.

दुसऱ्या बाजूला क्रॉलर, म्हणजे दुव्यांवरून आपोआप पानं गोळा करत फिरणारे प्रोग्रॅम. डिसेंबर १९९३ मध्ये स्टर्लिंग विद्यापीठात जोनाथन फ्लेचर यांनी जम्पस्टेशन सुरू केलं, पण ते पानांची शीर्षकं आणि मथळेच नोंदवायचं. एप्रिल १९९४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ब्रायन पिंकर्टन यांचं वेबक्रॉलर आलं आणि पानावरचा सगळा मजकूर शोधता येऊ लागला. तेव्हा त्याच्या साठ्यात चार हजारांच्या आसपास संकेतस्थळं होती. १५ डिसेंबर १९९५ ला डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने अल्टाव्हिस्टा खुलं केलं. क्रॉलर लुई मोनिए यांचा, अनुक्रमणिका बनवणारा प्रोग्रॅम माइक बरोज यांचा. कंपनीला आपल्या अल्फा या संगणकांची ताकद दाखवायची होती आणि ती दिसलीही.

याहूत संकेतस्थळ सापडायचं, अल्टाव्हिस्टात पान सापडायचं. सगळा वाद या फरकातून येतो. आणि अल्टाव्हिस्टाची अडचण पानं न सापडण्याची नव्हतीच, हजारो सापडायची. त्यातलं वर कुठलं ठेवायचं हे त्याला कळत नव्हतं. शब्द किती वेळा आला, शीर्षकात आला का, असल्या गोष्टींवर क्रम लागायचा. हे कळल्यावर पानवाल्यांनी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहायला सुरुवात केली. स्टॅनफर्डच्याच सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज या गूगलच्या संस्थापकांनी १९९८ च्या त्यांच्या प्रसिद्ध शोधनिबंधात नोंदवलंय की नोव्हेंबर १९९७ मध्ये चार आघाडीच्या व्यावसायिक इंजिनांपैकी फक्त एकाला स्वतःचं नाव टाकल्यावर पहिल्या दहांत स्वतःचं पान सापडत होतं. त्याच निबंधात माणसांनी सांभाळलेल्या याद्यांवरही त्यांनी बोट ठेवलंय: लोकप्रिय विषय त्या चांगले सांभाळतात, पण त्या व्यक्तिनिष्ठ, खर्चिक आणि सुधारायला संथ असतात, आडवळणाचे विषय त्यांच्या कवेत येत नाहीत. म्हणजे दोन्ही पक्ष त्यांनी नापास ठरवले आणि तिसरा मार्ग काढला: कुणी कुणाला दुवा दिलाय ते मोजायचं, आणि देणारा किती वजनदार आहे तेही धरायचं. हाच पेजरँक. दुवा कोण देतं? माणूस. वाचून, पसंत करून. सर्फर जे काम पगारावर करत होते, तेच लाखो लोक आपापल्या पानांवर करत होते. गूगलने ते गोळा केलं.

तुमची मतं वाचायला आवडतील, विशेषतः त्या काळी जे प्रत्यक्ष वापरत होते त्यांची.

वर्गांक

उत्तम मांडणी. मी ग्रंथालयशास्त्रातली आहे, त्यामुळे वर्गवारीच्या आतल्या अडचणीबद्दल लिहिते. वेग आणि खर्च याबद्दल सगळे बोलतात, याबद्दल कुणी बोलत नाही.

ग्रंथालयात पुस्तक एकाच फळीवर उभं राहू शकतं, म्हणून त्याला एकच जागा द्यावी लागते. ड्युईची दशांश पद्धत १८७६ ची, ती ही गरज भागवते. वेबवर ही गरजच नव्हती. एक संकेतस्थळ दहा विभागांत दाखवलं तरी काही बिघडत नाही. तरीही याहूने झाडासारखी रचना घेतली, खोड, फांदी, डहाळी. मग मुंबईतल्या क्रिकेट क्लबचं पान खेळात ठेवायचं की प्रादेशिक विभागात भारताखाली? त्यावर त्यांनी उपाय काढला तो ॲट-चिन्हाचा (@). विभागाच्या नावापुढे ते चिन्ह दिसलं की समजायचं, याची खरी जागा दुसरीकडे आहे, टिचकी मारली की तिथे जाल. उपाय चांगला होता, पण 'खरी जागा एकच' ही समजूत त्याने सोडली नाही.

आपल्याकडे डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्येच वेगळी दिशा दाखवली होती. त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाला तयार खण नसतो. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश, काळ अशा पैलूंनी विषय बांधत जायचा. 'भातावरच्या रोगाचा प्रतिबंध, महाराष्ट्र, १९५०' हा विषय पैलू जोडून तयार होतो, तो आधी कुणी कल्पून ठेवावा लागत नाही. संगणकासाठी ही पद्धत झाडापेक्षा कितीतरी सोयीची आहे. आज खरेदीच्या संकेतस्थळावर डाव्या बाजूला किंमत, रंग, माप अशा चौकटींवर खुणा करतो ती तीच कल्पना. याहूने सुरुवातीला पैलू घेतले असते तर डिरेक्टरी आणखी बरीच वर्षं टिकली असती असं माझं ठाम मत आहे.

दूरदेशी

मी १९९५ ला अमेरिकेत एमएस करायला आलो, म्हणून शब्दशोधाची बाजू घेतो. उंबरठा, तुम्ही अल्टाव्हिस्टाला जरा कमी लेखताय.

विद्यार्थ्याला काय हवं असायचं? कम्पायलरने, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या साधनाने, दिलेला एक चमत्कारिक एरर मेसेज. तो जसाच्या तसा अवतरणचिन्हांत टाकायचा. जगातल्या कुठल्यातरी विद्यापीठात कुणीतरी त्याच चुकीशी झटापट करून आपल्या पानावर चार ओळी लिहिलेल्या असायच्या, त्या समोर यायच्या. कुठल्याही डिरेक्टरीला हे जमणं शक्य नव्हतं, कारण त्या चार ओळी म्हणजे 'संकेतस्थळ' नव्हतं. कुठल्या संपादकाने त्याला विभाग दिला असता? अल्टाव्हिस्टात अधिक-उणे चिन्हं होती, अवतरणचिन्हं होती, एखाद्या पानाकडे कोण कोण दुवा देतं ते विचारायची सोयही होती. ज्याला नेमकं काय हवंय ते माहीत होतं त्याच्यासाठी ते अफाट साधन होतं. ज्याला माहीत नव्हतं, नुसतं 'खगोलशास्त्र' एवढंच डोक्यात होतं, त्याने याहूवर जावं. आम्ही सगळे दोन्ही वापरायचो. आणि याहूलाही ते ठाऊक होतं: १९९६ पासून त्यांच्या डिरेक्टरीत काही सापडलं नाही की ते अल्टाव्हिस्टाचे निकाल दाखवत.

एक दुरुस्ती. दुव्यांवरून क्रम लावायची कल्पना एकट्या स्टॅनफर्डची नाही. रॉबिन ली यांनी १९९६ मध्ये रँकडेक्स हे त्याच तत्त्वावर बांधलं होतं, पुढे त्यांनीच चीनमध्ये बायदू हे शोध-इंजिन उभं केलं. जॉन क्लाइनबर्गही त्याच सुमारास त्याच दिशेने काम करत होते. वेळ आली होती म्हणायची.

सडेतोड

माणसांच्या यादीबद्दल इथे जरा जास्तच गहिवर दिसतोय. आकडे बघा. लॉरेन्स आणि जाइल्स या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये १९९८ ला अंदाज दिला, वेबवर किमान ३२ कोटी पानं. पुढच्याच वर्षी 'नेचर'मध्ये ८० कोटी. एकेका पानाला एक माणूस, हे गणित कुठे जुळणार?

आणि पैसा. याहूने १९९९ मध्ये व्यावसायिक संकेतस्थळांसाठी १९९ डॉलरची जलद तपासणी सुरू केली. घ्यायचं की नाही ते संपादकच ठरवणार, पैसे फक्त सात दिवसांत बघण्याचे. २००१ च्या शेवटी ते दरवर्षी २९९ डॉलर झाले. दर वर्षी भाडं भरून ज्या यादीत राहावं लागतं तिला मी निवड म्हणणार नाही.

फुकटची बाजूही पाहा. रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी जून १९९८ मध्ये ग्नूहू सुरू केलं, मग न्यूहू, मग ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपने ते घेतलं आणि ओपन डिरेक्टरी झाली, जिला सगळे डीमॉझ म्हणत. स्वयंसेवक संपादक. कल्पना सुंदर. पण कित्येक विभागांना वर्षानुवर्षं संपादकच नसे, तिथे पाठवलेली संकेतस्थळं तशीच पडून राहत. काही संपादक प्रतिस्पर्ध्यांची नोंद अडवतात, असे आरोप होत राहिले. ऑक्टोबर २००६ मध्ये मुख्य सर्व्हर कोसळला तर डिसेंबरपर्यंत संपादन बंद होतं. यंत्राला राग-लोभ नसतो.

उंबरठा

सडेतोड, आकडे बरोबर आहेत, पण तुमचं गणित पानांचं आहे आणि डिरेक्टरी संकेतस्थळांची होती. डीमॉझमध्ये सरतेशेवटी ३८ लाखांच्या वर नोंदी आणि दहा लाखांच्या वर विभाग होते, ९० हजारांवर लोकांनी कधी ना कधी संपादन केलं होतं. तुटलेले दुवे शोधायला रोबोझिला नावाचा प्रोग्रॅम होता. एवढं काम बिनपगारी माणसांनी उभं केलं, ते 'जमणार नाही' म्हणून निकालात काढता येत नाही.

तुम्ही दिलेल्या १९९८-९९ च्या त्याच अभ्यासांत दुसरा आकडाही आहे. १९९८ मध्ये एकाही इंजिनाने वेबचा साधारण एक तृतीयांशाहून जास्त भाग नोंदवलेला नव्हता. १९९९ मध्ये तो वाटा १६ टक्क्यांवर आला. म्हणजे यंत्रंही मागेच पडत होती, आणि वेगाने.

राग-लोभाचं म्हणाल तर १९९६ मध्ये नेटस्केपच्या शोधाच्या बटणामागे जागा मिळवायला याहू, लायकॉस, एक्साइट, इन्फोसीक आणि मॅजेलन यांनी प्रत्येकी ५० लाख डॉलर मोजले होते. १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम या शोध-इंजिनाने तर निकालातला क्रमच लिलावाला काढला. यंत्राला लोभ नसेल, ते चालवणाऱ्यांना होता. डीमॉझमध्ये निदान विभागाच्या संपादकाचं नाव विभागाखाली दिसे.

आणि डीमॉझचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे त्यांनी सगळा साठा कुणालाही उतरवून घ्यायला खुला ठेवला. गूगलनेच २००० मध्ये त्यावरून गूगल डिरेक्टरी केली: विभाग डीमॉझच्या संपादकांचे, आतला क्रम पेजरँकचा. २०११ पर्यंत ती चालली. माणसाची वर्गवारी आणि यंत्राचा क्रम एकाच पानावर, मला ती त्या काळातली सगळ्यात चांगली रचना वाटते.

खिळेजुळारी

मराठीचं काय, ते कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो. मी डीटीपीच्या धंद्यातला. दूरदेशी म्हणतात तो शब्दशोध आपल्या भाषेसाठी २००० च्या आसपासपर्यंत अस्तित्वातच नव्हता, आणि याचं कारण फॉन्टमध्ये आहे.

तेव्हा वेबवर मराठी दिसायची ती शिवाजी, डीव्ही-टीटी योगेश असल्या फॉन्टमध्ये. फाइलमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली, त्यांवर देवनागरीचे आकार चढवलेले. 'म' लिहायचा तर पुष्कळ फॉन्टमध्ये अर्धा म वेगळा आणि काना वेगळा. पहिली वेलांटी दिसते डावीकडे म्हणून साठवायचीही आधी. रफार, रुकार, जोडाक्षरं यांना टक्का, कंस, डॉलर यांच्या जागा दिलेल्या. आता क्रॉलर हे पान वाचतो तेव्हा त्याला 'ज्ञानेश्वरी' दिसत नाही, रोमन अक्षरांचा अर्थहीन पुंजका दिसतो. वर टक्का आणि कंस ही त्याच्या लेखी विरामचिन्हं, म्हणून तो तिथे शब्द तोडतो. आणि प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉन्ट निराळा, म्हणजे एकच शब्द दहा ठिकाणी दहा वेगळ्या रूपांत. अल्टाव्हिस्टा असो की गूगल, शोधणार काय?

रोमन लिपीत लिहिणाऱ्यांचंही तेच. 'गणपती' चार जण चार तऱ्हांनी लिहायचे, कुणी शेवटी आय, कुणी डबल ई, कुणी मध्येच एच. अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्समध्ये, म्हणजे देवनागरी रोमन अक्षरांत लिहायच्या ठरावीक पद्धतीत, लिहिलेलं निदान एका शिस्तीत असायचं, पण ते सगळे वापरत नव्हते.

त्यामुळे मराठी वाचकाला माणसाने केलेल्या याद्यांशिवाय दुसरा रस्ता नव्हता. कुणीतरी जिओसिटीजवर फुकट मिळणाऱ्या आपल्या पानावर 'मराठी संकेतस्थळे' असं शीर्षक देऊन पंधरा-वीस दुवे टाकायचा, पुढे कुठला फॉन्ट उतरवून घ्यायचा तेही लिहायचा. ती यादी हाच आपला शोध. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून होती, पण विंडोज २००० आणि एक्सपी येईपर्यंत सामान्य माणसाच्या पडद्यावर ती नीट उमटत नव्हती. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. तिथून पुढे मराठीत शब्द टाकून मराठी पान सापडू लागलं. इंग्रजीत जी लढाई १९९४ ते २००० मध्ये झाली, ती आपल्याकडे झालीच नाही. आपण याद्यांवरून थेट गूगलवर आलो.

निशिगंधा

खिळेजुळारी काका, हे अजिबात माहीत नव्हतं. माझा जन्मच १९९९ चा. भारतातल्या संकेतस्थळांची वेगळी डिरेक्टरी होती का?

दूरदेशी

होती की. 'खोज'. मुंबईच्या राजेश जैन यांच्या इंडियावर्ल्डची. इंडियावर्ल्ड १९९५ मध्ये सुरू झालं आणि सुरुवातीचा वाचकवर्ग मुख्यतः आमच्यासारखा परदेशातला होता, कारण विदेश संचार निगमने सामान्य माणसाला इंटरनेट दिलं तेच १५ ऑगस्ट १९९५ ला. त्यांची समाचार, खेल, बावर्ची आणि खोज अशी घरगुती नावांची संकेतस्थळं होती. याहूच्या प्रादेशिक विभागात भारत खूप खाली दडलेला असे. खोजमध्ये तो पहिल्या पानावर होता आणि तिथून राज्यं, शहरं, विषय असं जाता यायचं. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड ४९९ कोटी रुपयांना घ्यायचा करार केला तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानाची बातमी होती.

वर्गांक

खिळेजुळारींचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. वर्गवारीला भाषेची लिपी, कोड, शुद्धलेखन यातलं काहीच आडवं येत नाही. पान कशाबद्दल आहे ते वाचणाऱ्याला कळलं की पुरे. चित्रं, ध्वनिफिती, हस्तलिखितांची छायाचित्रं यांनाही हेच लागू होतं. ज्या मजकुरात शोधण्याजोगे शब्दच नाहीत तिथे वर्णन लिहिणारा माणूस लागतोच.

सडेतोड, तुमचा पैशाचा मुद्दा मला मान्य आहे. पण फी लागू झाली ती डिरेक्टरी हा धंदा म्हणून चालवायचा ठरवल्यावर. सार्वजनिक ग्रंथालयांसारखी ती सार्वजनिक पैशातून चालवायची, असा विचार मोठ्या प्रमाणावर झालाच नाही. १९९१ मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन केंद्रात सुरू केलेली व्हर्च्युअल लायब्ररी त्या वाटेवर होती, एकेक विषय एकेका जाणकाराकडे सोपवलेला. तिला बळ मिळायला हवं होतं.

सडेतोड

मराठीपुरता मुद्दा मान्य. फॉन्टचा हा भाग मी धरलाच नव्हता. इंग्रजीबद्दल मात्र माझं मत तेच. याहूने स्वतःच ऑक्टोबर २००२ मध्ये निकालांत डिरेक्टरीला दिलेला पहिला मान काढून घेतला आणि गूगलचे निकाल पुढे आणले. घरच्यांनीच निर्णय दिला.

उंबरठा

दिला, हे खरं. डिसेंबर २०१४ मध्ये याहूची डिरेक्टरी बंद झाली आणि मार्च २०१७ मध्ये डीमॉझ. डीमॉझच्या संपादकांनी मात्र काम सोडलं नाही, कर्ली या नावाने तो साठा अजून चालू आहे आणि त्यात जगातल्या भाषांच्या विभागात मराठीही आहे.

खिळेजुळारी, तुम्ही लिहिलंत त्यावरून एक काम सुचतंय. इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून पानं साठवतंय, पण तिथलं जुनं पान मुख्यतः त्याचा पत्ता देऊनच उघडतं. नव्वदच्या दशकातली मराठी संकेतस्थळं शब्द टाकून तिथे मिळणार नाहीत, कारण ती जुन्या फॉन्टांत आहेत. पत्ते मिळायचं ठिकाण एकच: याहू, डीमॉझ आणि लोकांच्या वैयक्तिक पानांवरच्या त्या वेळच्या याद्या, ज्या आर्काइव्हमध्ये साठवलेल्या आहेत. त्या याद्यांमधून पत्ते काढायचे, पानं उघडायची आणि फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलायचा. पत्ते गोळा करायला मी तयार आहे. फॉन्टांचे तक्ते तुमच्याकडे आहेत का?

खिळेजुळारी

शिवाजी आणि योगेश यांचे आहेत, छापील. बाकीचे दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांकडे मिळतील. वर्गांकताई, प्रत्येक पानाचं एका ओळीचं वर्णन तुम्ही लिहाल का?

वर्गांक

हो, आनंदाने. विभाग मात्र पैलूंनी पाडू: विषय, गाव, वर्ष, फॉन्ट. एकच जागा कुणालाच द्यायची नाही.